सागाचं पांढरं

ज्या घरात सागवानावर रोज ओलं फडकं फिरते, ते घर मी दारातूनच ओळखते. खुर्चीच्या पायांले खालून बोटभर काळी पट्टी चढेल असते, टेबलाच्या कडा दुधाळ होऊन जातात, अन् घरची बाई मोठ्या कौतुकानं सांगते, आमी तर रोज पुसतो हो. मी मनात म्हणते, माय, म्हणूनच तर मले बोलवायची पाळी आली.

मी पालीशवाली. आदिलाबादेत तीस-बत्तीस वर्षं झाले, लोकांच्या घरी जाऊन त्यांचे कपाटं, पलंग, दारं, देव्हारे साफ करते अन् पालीश करते. दुकान नाही, पाटी नाही. एक पिशवी, दोन डबे अन् हे दोन हात. नव्या घरी गेली का दार उघडणारा आधी माह्या पाठीमागं पाह्यते. मराठी असला तर विचारते, मिस्त्री कुठं हाये? तेलुगू असला तर, मेस्त्री एक्कडा? अन् उर्दूवाला असला तर अदबीनं, मिस्त्रीसाब नहीं आये? तीन भाषा, सवाल एकच. मी पिशवी खाली ठेवते अन् म्हणते, आला हाये, दिसून नाही राह्यला काय? मंग पदर खोचून कामाले बसते. दुपारपर्यंत कपबशीत चहा आला का समजायचं, मिस्त्री पसंत पडला.

खरे मिस्त्री म्हंजे आमचे हे. मी त्यांले आजही मिस्त्रीच म्हणते. लग्न होऊन आली तवा माह्याकडं फक्त पालीश गाळून द्यायचं काम होतं. मंग स्पिरिटच्या वासानं अन् रेजमालच्या, म्हंजे काचकागदाच्या, भुकटीनं त्यांची छाती धरली. एका लग्नघरचा पलंग अर्धा राह्यला होता अन् हे खाटेवर पडेल. घरवाले म्हणाले, आमी दुसरा माणूस पाह्यतो. म्या म्हटलं, तीन दिवस द्या. मिस्त्री घरी पडल्या पडल्या सांगत, मी जाऊन तसं करून येई. चुकलं का परत येऊन विचारी. पलंग वेळेवर वऱ्हाडासंगं गेला. तवापासून ते सांगणारे अन् मी करणारी, असंच चालू आहे. आता ते सांगतातही कमी. माह्या हाताचा वास घेतात अन् चपडा जास्त झाला का कमी ते ओळखतात.

हे पालीश म्हंजे काय ते आधी सांगते, कारण लोकांले वाटते डब्यातून काहाडलं अन् ब्रशनं फासलं. लाखेचे पातळ पापुद्रे मिळतात, त्यांले चपडा म्हणतात. ते एक दिवस स्पिरिटमधे भिजू घालायचे. त्याचं मधाच्या रंगाचं पाणी होते, ते फडक्यातून गाळायचं. मंग कापसाचा गोळा घ्यायचा, त्यावर जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळायचा, अशी लिंबाएवढी पुरचुंडी करायची. ती पालीशमधे बुडवून, पिळून, लाकडावर फिरवत राह्यची. फिरवताना हात थांबला का तिथं डाग पडलाच. मिस्त्री म्हणतात, शिंक आली तर आधी हात उचल, मंग शिंक. एक हात सुकला का दुसरा, दुसरा सुकला का तिसरा. आठ-दहा हात झाले का लाकूड आतून उजळते. वरून चमकणं येगळं अन् आतून उजळणं येगळं. हे काही मले लिहून सांगता येत नाही, कधी हात फिरवून पाहा.

अन् घरी काय करायचं? जेवढं कमी करान तेवढं बरं. कोरडं, मऊ, सुती फडकं घ्या, अन् लाकडाच्या रेषा जशा धावतात तसं पुसा. चिकट डाग असला तर फडकं ओलं करून कडकडीत पिळा, पुसा, अन् लगेच कोरडं फिरवा. गरम गंज-पातेलं टेबलावर ठेवू नका. कपाट भिंतीले चिटकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, कारण आमच्या इकडची उधई, वाळवी, भिंतीतूनच येते. पावसाळ्यात कपाटाच्या खाली वाकून पाहा. पिठासारखी भुकटी पडेल दिसली तर आत घुन आहे, लगेच औषध भरा. अन् खायचं तेल लाकडाले लावू नका. हे मी दरसाल सांगते अन् दरसाल कोणीतरी लावतेच.

एका मास्तरीणबाईनं दसऱ्याले लाकडी सोफ्याले खोबरेल चोळलं. सोफा असा चमकला का शेजारणी पाह्यले आल्या. आठ दिवसानं चमक गेली, धूळ बसली, अन् त्या गोडसर वासानं मुंग्यांची रांग लागली. बाईनं मुंग्यांसाठी हळद टाकली. मी गेली तवा सोफा पिवळा, काळा अन् मुंग्यांचा असा तिरंगी होता. दुसरी एक साहेबीण, क्वार्टरमधली, तेलुगू. चांगली होती बिचारी. तिनं संक्रांतीच्या आधी जेवणाचं टेबल नळीनं पाणी मारून धुतलं अन् वाळाले गच्चीवर उन्हात ठेवलं. आदिलाबादची थंडी जेवढी कडक तेवढंच दुपारचं ऊनही खोटं नाही. फळ्या वाकड्या होऊन टेबलाची होडी झाली. मले म्हणे, पालीशनं सरळ नाही होणार का? म्या म्हटलं, अम्मा, पालीशनं माणसाचं तोंड उजळते, कणा सरळ होत नाही. तिले मराठी समजलं नाही, पण ती हसली.

कोरोनाचे दोन वर्षं आले तवा तर गंमतच झाली. गंमत म्हणू नये, पण झाली. चपड्याचं पालीश स्पिरिटमधे विरघळते, हे सांगतलंच वर. अन् हातावर चोळायचं ते सॅनिटायझर म्हंजे काय? स्पिरिटचाच सख्खा भाऊ. लोकं दाराचे कडे पुसत, टेबलं पुसत, खुर्च्या पुसत, अन् पालीश फडक्यासंगं निघून येई. रोग गेला का नाही ते देव जाणे, रंग मात्र गेला. अर्ध्या गावाचे दरवाजे कोड आल्यासारखे झाले. मी त्यातूनच वनिता नावाच्या एका सुनेच्या घरी पोचली, अन् आता जे सांगाले बसली तेही त्यातूनच आलं.

पण त्याच्या आधी सागाचं पांढरं म्हंजे काय ते कळलं पाह्यजे. सागाचं खोड कापलं का मधे तपकिरी लाल गाभा दिसते अन् सालीच्या आत चहूबाजूंनी पांढरट पट्टा. झाड जुनं असलं तर पट्टा पातळ, झाड तरणं असलं तर जाड. गाभा पक्का, त्याले कोणी खात नाही. पांढऱ्याले घुन लागते. म्हणून चांगला सुतार पांढरं कापून फेकते. नाही फेकलं तर लोकं म्हणतात, कच्चं लाकूड वापरलं, फसवलं. मंग ते झाकाचं काम आमचं. पालीशमधे तांबडी भुकटी मिसळायची अन् पांढऱ्यावर दोन हात जास्त द्याचे, का गाभा कुठं अन् पांढरं कुठं ते खुद्द सुताराले कळू नये. मिस्त्रींनी मले पह्यल्या वर्षीच सांगतलं होतं, पांढरं दिसलं का पालीशवाला हरला. तीस वर्षं मी एकदाही हरली नाही. गावात माही ओळख तीच होती.

कोरोना सरला त्याच्या दुसऱ्या वर्षीची दिवाळी. वसुबारसेच्या आधीचा सोमवार असेल. भांड्याच्या दुकानवाल्यांची सून, वनिता, माह्या घरी रिक्षानं आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोर, डोळे सुजेल. तिच्या नवऱ्यानं कोरोनात दुकानात इकाले सॅनिटायझरचे डबे भरले होते, त्यातला एक पाच लिटरचा तसाच उरला होता. दिवाळीची साफसफाई करता करता हिले वाटलं, एवढं वाया काऊन घालवाव. वरच्या खोलीतलं आपलं लग्नातलं कपाट तिनं त्या सॅनिटायझरनं पुसलं. आधी पालीश चिकट झालं, फडक्याचे धागे त्यात रुतले, ते काहाडाले गेली तर आणखीन पुसलं, अन् शेवटी सगळं कपाट ओरबाडल्यासारखं झालं.

म्या म्हटलं, एवढंच ना? रडतं कोणी कपाटासाठी? तवा तिनं सांगतलं.

तिचे बाबा, नामदेवभाऊ, तामसीकडले. कापूस अन् जवारीचं थोडंसं वावर. वनिता जल्मली त्या साली त्यांनी बांधावर सागाचं रोप लावलं, अन् तिचं लग्न ठरलं तवा ते तोडून तिच्या आंदणाचं कपाट केलं. स्वतःच्या वावरातला साग असला तरी तोडाले सरकारी परवानगीचा कागद लागते. पहाणीची, म्हंजे सातबाऱ्याची, नक्कल घेऊन हा माणूस किती खेपा बसनं आदिलाबादले आला, त्याची गणती त्यानं कोणाले सांगतली नाही. आता लेकीच्या घरी आला का चहापाण्याच्या आधी वर जाते, कपाटावर हात ठेवते, मंग खाली येऊन बसते. शुक्रवारी ते वनिताले दिवाळीसाठी माहेरी न्याले येणार होते. अन् हातात मंगळवार, बुधवार, गुरुवार.

"मावशी, बाबांनी ते असं पाह्यलं तर ते काही बोलणार नाहीत," वनिता म्हणाली. "तेच मले सहन नाही होणार."

मी गेली. कपाट पाह्यलं अन् मले कळलं, पोरगी उगीच नाही रडून राह्यली. सहा फुटी, दोन दारांचं कपाट. साधं पण पक्कं, कुठं खिळा नाही, सगळे जोड लाकडातच बसवेल. अन् दोन्ही दारांवर, मधोमध जिथं ते मिटतात तिथं, वरपासून खालपर्यंत वीतभर रुंद पांढरं. तरणं झाड, दुसरं काय होणार. पह्यल्या पालीशवाल्यानं ते तसंच उघडं ठेवलं होतं. मी मनातल्या मनात त्याले नावं ठेवली.

तेवढ्यात वनिताची सासू, कमलकाकू, दारात येऊन उभी राह्यली. बाई वाईट नाही, पण जिभेले हाड नाही. म्हणाली, "करूनच राह्यल्या तर ते पांढरंही झाकून टाका हो. चार वर्षं झाले, आल्यागेल्याले दिसते. काय सांगावं, सुनेच्या बापानं, आमच्या याहीनं कच्चं लाकूड देलं म्हणून?"

म्या वनिताकडं पाह्यलं. ती खाली पाहून फडक्याचे धागे काहाडत होती. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. घरात सासू बोलत असताना सून चूप राह्यली तर त्याचा अर्थ हो असा आमी धरतो. म्याही धरला. अन् खरं सांगू? मले आनंदच झाला. मनात आलं, आता दाखवते तुमाले, शोभाबाई काय चीज आहे ते. चार वर्षांचा या पोरीचा टोमणा मी तीन दिवसांत पुसून टाकते.

मंगळवारी उरलंसुरलं जुनं पालीश काहाडलं. रेजमालचे तीन नंबर फिरवले, मोठ्या दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत. भुकटीनं केस पांढरे झाले, म्हंजे होते त्याहून जास्त. बुधवारी सकाळी तांबडी भुकटी मिसळून पह्यला हात देला अन् आभाळ आलं. बाहेर कापसाच्या गाड्या ताडपत्र्या टाकून मार्केटाकडं पळून राह्यल्या होत्या, अन् इथं माह्या डोळ्यांदेखत पालीशवर दुधासारखी साय आली. हवेत ओल असली का चपडा असाच रुसते. वनिता घाबरली. म्हणाली, राहू द्या मावशी, आता नाही होत. मले राग आला. म्या म्हटलं, नाही होत हा शब्द या खोलीत बोलाचा नाही.

शेगडी ठेवता येत नाही, कारण स्पिरिट भडकते. मंग शोधून शोधून त्यांच्या दुकानातून दोन जुने पिवळे बल्ब आणले, शंभर-शंभरचे. खिडक्या बंद केल्या, बल्ब लावले, खोली कोरडी व्हायची वाट पाह्यली. घामानं अंगावरचं लुगडं चिंब झालं. साय आली तिथं स्पिरिटचा नुसता वास लागेल फडकं हलक्या हातानं फिरवलं का ती विरत जाई. एक हात, दोन हात. वनिता बाहेरून हाका मारून पाणी देई. गुरुवारी दुपारी नववा हात झाला तवा मी मांगं सरकून पाह्यलं. एका रंगाचं, गुळाच्या ढेपीसारखं कपाट. पांढऱ्याचा मागमूस नाही. कमलकाकूनं चष्मा लावून पाह्यलं, काढून पाह्यलं अन् म्हणाली, आता कसं शोभून दिसते. वनितानं माह्या पायाले हात लावला. तिच्या तोंडावर हसू होतं का नाही, ते म्या तवा पाह्यलं नाही. मी माहं काम पाह्यत होती.

शुक्रवारी सकाळी शेवटचं कोरडं फडकं माराले अन् डबे घ्याले मी परत गेली. वरच्या खोलीतच होती. खाली आवाज आला, बाबा आले. पाय धुतल्याचा आवाज, मंग जिन्यावर चपला नसलेल्या पायांचा. नामदेवभाऊ आत आले. पांढरी टोपी, इस्त्री नसलेला पण धुवट सदरा, हातात बोरांची पिशवी. मांगून वनिता पाण्याचा गिलास घेऊन, तिच्या मांगून कमलकाकू.

ते कपाटाकडं गेले अन् हात ठेवाले उचलला तसाच थांबला. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. एक दार उघडलं, आतून पाह्यलं, लावलं. आतून म्या नुसता हात फिरवला होता, तिथं सगळं गाभ्याचंच होतं. मंग बोरांची पिशवी खाली ठेवली अन् पलंगाच्या कडेले बसले. वनितानं गिलास पुढं केला. त्यांनी घेतला नाही. एरवी घेणाऱ्या बापानं लेकीच्या हातचं पाणी घेतलं नाही म्हंजे काय, ते सांगाव लागत नाही.

"हे माह्यं झाड नाही," ते म्हणाले. मंग इतक्या हळू का मले जेमतेम ऐकू आलं, "इकलं काय व, वनिता?"

वनितानं गिलास मांगं घेतला. ती काय सांगणार होती? इकलं नाही म्हणावं तर बिघडवलं ते सांगाव लागते. झाकलं म्हणावं तर कोणी झाकाले लावलं ते सांगाव लागते, अन् ती सासू दारात उभी. चार वर्षं पोरीनं बापाच्या कानावर एक टोमणा जाऊ देला नव्हता. मले त्या एका घडीत सगळं दिसलं. त्या दिवशी तिनं मान खाली घातली होती ती हो म्हणून नाही.

हातातलं कोरडं फडकं खाली ठेवून म्या म्हटलं, "भाऊ, झाड हेच हाये. पांढरं म्या झाकलं. मले वाटलं ते कमीपणाचं दिसते."

त्यांनी माह्याकडं पाह्यलं. बाई कोण, इथं काय करते, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "काऊन?"

तीस वर्षांत हा सवाल मले कोणी इचारला नव्हता. म्या सांगाले पाह्यलं, लोकं कच्चं म्हणतात, घुन लागते, असंच करतात. बोलता बोलता माह्यं मलेच खोटं वाटाले लागलं. नामदेवभाऊ ऐकून घेत होते, पण त्यांचा इश्वास बसला नव्हता हे डोळ्यांत दिसून राह्यलं होतं. एका रंगाचं कपाट बाजारात कितीही मिळते. म्या डबा पाह्यला तर स्पिरिट संपेल. चौकापर्यंत जाऊन आणाचं म्हटलं तर अर्धा तास, अन् अर्धा तास या माणसाले त्या पलंगाच्या कडेवर बसवून ठेवणं माह्यानं होणार नव्हतं.

म्या म्हटलं, वनिता, तो सॅनिटायझरचा डबा आण.

ती थबकली. त्याच डब्यानं सगळं झालं होतं. मंग गिलास खाली ठेवून पळत गेली अन् डबा घेऊन आली. म्या फडकं ओलं केलं अन् दाराच्या मधोमध, जिथं पांढरं होतं हे माह्या हाताले पाठ होतं, तिथं दाबून फिरवलं. तीन दिवसांचं काम. नऊ हात. फडकं तांबडं होत गेलं. पुन्हा ओलं केलं, पुन्हा फिरवलं. रंग म्या पालीशमधे मिसळला होता, लाकडात मुरवला नव्हता, म्हणून बरं झालं. तळहाताएवढं पांढरं वर आलं. वनितानं माह्या हातातून फडकं घेतलं अन् स्वतः पुसाले लागली. जोरानं, खालपर्यंत. बापाकडं पाहून, सासूकडं पाहून, काही न लपवता म्हणाली, "बाबा, म्या बिघडवलं होतं. मावशीनं नीट केलं. इकलं नाही."

नामदेवभाऊ उठले. जवळ आले. पांढऱ्यावर अंगठा ठेवला अन् रेषेरेषेनं बाजूले सरकवत गेले.

"सुताराले म्या म्हटलं होतं, यातलं बोटभरही फेकाचं नाही," ते कोणा एकाले नाही, कपाटालेच सांगत होते. "झाड आतून बाहेर वाढते. आतलं लाल, हे तिचं लहानपण. पांढरं सगळ्यात मांगून येते. ही बसनं आदिलाबादले कॉलेजले जायाची, ते वर्षं हायेत हे. मंग ही इकडं आली अन् झाड तोडलं. याच्यापुढं माह्याकडं काही नाही."

वनिता रडत होती, पण हात थांबला नव्हता. माहं नाक भरून आलं होतं, ते मी सॅनिटायझरच्या वासावर ढकललं. कमलकाकू दारातून निघून गेली. म्या मनात म्हटलं, गेली, आता खाली जाऊन पोराचे कान भरते. पण ती परत आली तर तिच्या हातात तांब्या होता, घरातला मोठा, पितळेचा, घासेल. तो तिनं स्वतः नामदेवभाऊंपुढं धरला अन् म्हणाली, "याही, पाणी घ्या." अन् ते पेले.

त्या दिवशी दुपारच्या बसनं बापलेक गेले. कपाट तसंच अर्धं पुसेल, वाघासारखं पट्ट्यापट्ट्याचं उभं होतं. घरी येऊन मिस्त्रींले सगळं सांगतलं. मले वाटलं ते म्हणतील, तीन दिवसांची मेहनत पाण्यात घातली. ते बराच वेळ खोकले. मंग म्हणाले, ते शिकवणं माह्यंच होतं. एवढंच. पण त्या आठवड्यात त्यांनी स्वतः उठून चपडा भिजू घातला. बिनभुकटीचा, साफ, आरपार दिसणारा.

मले तवापासून रस्त्यानं जाताना घरं येगळे दिसतात. हे पिवळ्या गेटवालं घर, इथं एका पलंगाचं पांढरं झाकलं. त्या गल्लीत दोन कपाटं, एक देव्हारा. मेहनतीनं झाकेल, कोणाले कळणार नाही असं. त्यातलं किती नुसतं कच्चं लाकूड होतं अन् किती कोणाच्या लेकीचे वर्षं होते, ते मले आता कोणी सांगू शकत नाही. म्या विचारलंच नाही ना. आता नव्या घरी गेली का डबा उघडायच्या आधी विचारते, यातलं काय जसंच्या तसं राहू द्याचं आहे? लोकं म्हणतात, ही बाई म्हातारी झाली, जास्त बोलते. बोलू द्या. विचारल्याशिवाय मी पुरचुंडी ओली करत नाही.

दिवाळी झाल्यावर, वनिता परत यायच्या दोन दिवस आधी, मी कपाट पुरं कराले गेली. वरच्या खोलीत मी खाली बसून पालीश गाळून राह्यली होती अन् कमलकाकू जिना चढून आली, गुडघे धरत धरत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढेल होतं. माह्या सांगण्यावरून कोणी ओढलं होतं ते तिनं सांगतलं नाही, पण तिच्या पदराले भिंतीचा चुना लागेल होता. ती पलंगावर बसली अन् दम खाऊन म्हणाली, "शोभाबाई, लाल थोडं इकडंतिकडं झालं तरी चालते. पांढरं चांगलं दिसलं पाह्यजे."